उलटीची गोळी

द्वारका, दिल्ली, शुक्रवार, ७ नोव्हेंबर

प्रिय विनया,

नाव बघून हे पत्र न वाचताच उडवणार असशील, तर आधी तिसरा परिच्छेद तेवढा वाच. बाकीचा मजकूर मी नेहमीप्रमाणे तोंडी लावायला वाढलेला आहे.

फोनवर तू माझा आणि अलकाचा, दोघांचेही नंबर बंद केलेस. ईमेल मात्र परत येत नाही, म्हणजे एक दार उघडं राहिलंय असं मी धरतो. सगळा जन्म दिल्लीत माइक आणि स्पीकर भाड्याने देऊन पोट भरलेला माणूस आज एका बोटाने टाइप करतोय. कारण आमच्या फ्लॅटच्या भिंती पातळ आहेत आणि पलीकडच्या खोलीत तुझी बहीण जागी आहे.

तर विषय असा. नोएडाच्या गोदामात माझ्याबरोबर भागीदार होता तो दिनकर, त्याच्या बायकोला स्तनाचा कॅन्सर निघाला. केमोचा दुसरा डोस गेल्या आठवड्यात झाला. उलट्यांसाठी ओंडान्सेट्रॉन नावाची गोळी दिली आहे आणि चिठ्ठीवर लिहिलंय ‘गरज पडल्यास’. पहिल्या डोसाला गोळीने जादू केली. या वेळी उलटी थांबते, पण थोडाच वेळ. पुन्हा मळमळ, पुन्हा गोळी. घास उतरत नाही, पोट जड झालंय म्हणते. प्रश्न एवढाच, गरज वाढली तर गोळी वाढवावी का? डॉक्टरांची वेळ सोमवारची आहे आणि दिनकर पडला भिडस्त. तू फौजेच्या इस्पितळांत नर्सिंग करता करता कर्नल होऊन निवृत्त झालीस, तुझ्याइतकं सरळ कोण सांगणार?

आम्ही मजेत. स्वरूपा बंगलोरला आहे, जावई चांगला आहे. अलकाही मजेत. तुझी आठवण काढते असं लिहिलं तर तू हसशील, म्हणून लिहीत नाही.

तुझा,
सूर्यकांत

द्वारका, शनिवार, ८ नोव्हेंबर, सकाळ

विनया,

सहा वर्षांनी तुझ्याकडून या घरात एक वाक्य आलं, आणि ते हे: “भावोजी, अलकाला शेवटचं संडासला कधी झालं?”

दिनकरच्या बायकोचं नावही घेतलं नाहीस. खोटं ओळखणारे कान या घराण्यात फक्त माझेच आहेत असा माझा समज होता.

हो, अलकाच आहे. गणपतीच्या सुमारास गाठ हाताला लागली. आधी केमो, मग ऑपरेशन असं ठरलंय. तुला कळवायचं नाही, अशी तिने मला शपथ घातली. “विनीला कळलं तर मी पुढचा डोस घेणार नाही,” म्हणाली. अलका बोलते ते करते, तुला सांगायला नको.

तिच्या डोक्यात अजून तो साखरपुडाच आहे. स्वरूपाच्या सासऱ्यांनी, दीनानाथरावांनी, ‘भूक नाही’ म्हणून पान सारलं, आणि तू भर पंगतीत विचारलंस, “पोट साफ होतं का? कधीपासून?” वर लोहाच्या गोळ्यांवर खणखणीत व्याख्यान दिलंस. दीनानाथराव तर खुश झाले होते, यार, अजून तुझी चौकशी करतात. पण अलकाने तुला स्वयंपाकघरात ओढलं आणि ते वाक्य टाकलं, “बेडपॅन उचलून उचलून तुझ्या जिभेलाही तोच वास लागलाय.” मी दाराबाहेर होतो. तू पर्स उचललीस आणि जिना उतरून गेलीस, हेही ऐकलं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. माहीत नाही. विचारलं की म्हणते, “होतं हो, काय सारखं सारखं.” पण मी काय ऐकतो ते सांगतो. ती आत जाते. नळ पूर्ण सोडते. थोड्या वेळाने फ्लश वाजतो, आणि ती बाहेर येते. आयुष्यभर मी खरखरीवरून आणि घरघरीवरून ओळखत आलो की वायर कुठे तुटली आहे. त्या दाराआड फक्त पाणी वाजतंय. बाकी काहीच घडत नाहीये. बायकोच्या संडासाशी कान देऊन उभा राहणारा नवरा म्हणून हसायचं तर हस, पण डोस घेऊन घरी आलो तेव्हापासून हेच चाललंय.

आणि हेही सांगून टाकतो. बुधवारी केमोच्या डे-केअरमधून सिस्टरचा फोन आला. दर डोसानंतर येतो, चौकशीचा. अलकाची बोटं बधिर होतात म्हणून फोन स्पीकरवर होता, आणि नेमके दीनानाथराव आणि वहिनी भेटायला आले होते, समोर सोफ्यावर.

“आंटी, उल्टी?”

“कम है.”

“बुखार?”

“नहीं.”

“मोशन हो रहा है?”

अलकाने व्याह्यांकडे बघितलं, आणि कोणी तिला श्रीखंडाची कृती विचारल्यासारखी गोड होऊन म्हणाली, “हां जी, सब बिल्कुल बढ़िया.” सिस्टर थँक्यू म्हणाली. फोन संपला. पाहुण्यांसमोर उलटी नको म्हणून त्याआधी तिने एक गोळी जास्तीची घेतली होती. ती घेताना मी पाहिलं आणि गप्प राहिलो. मला वाटलं, उलटीचीच तर गोळी आहे.

गेले दोन दिवस ती शेजारच्या चंद्रप्रभाबाईंकडून आणलेलं इसबगोल चोरून घेते आहे. माझ्यासमोर त्याचं नाव ‘पचनाचं’.

सूर्यकांत

शनिवार, दुपार

विनया,

तुझे प्रश्न गोळीबारासारखे येतात, उत्तरं देतो.

इसबगोलचा डबा उचलून ठेवला. पाणी पोटात टिकत नसताना ते आत फुगून बसतं, हे मला कोण सांगणार होतं? चंद्रप्रभाबाई आता एरंडेलाची बाटली घेऊन आल्या होत्या. दारातच हात जोडले. “हम तो भला ही चाहते हैं भाई साहब,” म्हणाल्या आणि फणकाऱ्याने लिफ्टमध्ये शिरल्या. उलटीच्या गोळ्यांची पट्टी तपासली. तुला सांगितलं त्यापेक्षा बऱ्याच जास्त गेल्या आहेत. आणि हो, पाठदुखीची गोळीही चालू आहे. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन दिलं, त्याने हाडं दुखतात, त्यासाठी. तीही आतड्याला झोपवणारी आहे हे तुझ्याकडूनच कळलं.

तू लिहिलेलं मी दोनदा वाचलं. मला वाटायचं सेरोटोनिन म्हणजे डोक्यातला माल, मूड ठीक ठेवणारा. तू म्हणतेस त्यातलं बहुतेक आतड्यात असतं, आणि ‘चल, पुढे ढकल’ हा आतड्याला मिळणारा निरोप त्याचाच. केमोने तेच उसळतं आणि मेंदूला सांगतं, ‘उलटी कर.’ गोळी निरोप घेणाऱ्याचेच कान बंद करते. उलटी थांबते आणि ढकलणंही मंदावतं. हे मला पटकन कळलं. हॉलमध्ये माइक शिट्टी मारतो म्हणून कोणी अडाण्याने सगळाच आवाज खाली ओढला की शिट्टी जाते, आणि भाषणही जातं.

पण तुझी शेवटची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. आताची उलटी केमोची नसेलच, आतडं तुंबल्यामुळे वर येत असेल, आणि आपण त्याच गोळीने ती खूण पुसत बसलोय.

तू सांगितलंस तसं विचारलं.

“अलका, वारा सरतोय का?”

“काय?”

“गॅस. जातोय का खालून?”

“लाज नाही वाटत? साठी उलटली तुमची! कोणी शिकवलं हे असलं बोलायला?”

“यूट्यूबवर होतं.”

“असली चॅनेलं बघता?”

आणि भिंतीकडे तोंड केलं. पण उशी सरकवताना माझा हात तिच्या पोटाला लागला. ढोलकी चढवल्यासारखं ताणलंय गं. ती कळवळली आणि खोकला आल्याचं नाटक केलं.

तू म्हणतेस आजच इस्पितळात ने. ती म्हणते सोमवार. मी तिला उचलून नेऊ शकत नाही. आणि तुझं नाव घेतलं तर पुढचे डोस घेणार नाही अशी शपथ आहे. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला हे. सांग ना, काय करू?

सूर्यकांत

इस्पितळातून, रविवार, ९ नोव्हेंबर

विनया,

आलो आहोत. ती आत आहे. फोनवर लिहितोय, चुका होतील.

सकाळी उलटी झाली ती हिरवट-तपकिरी, आणि तू म्हणाली होतीस तसलाच, शौचासारखा वास. तिने लगेच गोळीची पट्टी हातात घेतली. मी काढून घेतली. ओढूनच घेतली.

“द्या इकडे.”

“नाही. गाडी काढतोय.”

“उद्या जायचंच आहे.”

“आज.”

“तुम्ही काय डॉक्टर लागून गेलात?”

“मी नाही. विनया म्हणते.”

अलकाने पट्टीसाठी पुढे केलेला हात मागे घेतला.

“तुम्ही विनीला सांगितलंत.”

“हो.”

“सगळं?”

“सगळं.”

“तेही?”

“तिने तेच आधी विचारलं.”

मला वाटलं आता कपाट उघडेल आणि केमोच्या फायली फेकेल. ती उठली, भिंतीला धरून चपला शोधल्या, आणि गाडीत मागे जाऊन बसली. पुढे नाही, मागे.

इमर्जन्सीत एक तरुण डॉक्टर होती, सोनम. पडदा अर्धाच ओढलेला. पलीकडे पाय मोडलेला कोणी जवान माणूस आणि त्याची अख्खी वरात. डॉक्टरने नाडी बघता बघता विचारलं, “आंटी, मोशन कब हुआ?”

अलका म्हणाली, “कल.”

डॉक्टरने लिहून घेतलं. तिचं काय चुकलं? केमोची पेशंट, उलट्या होतायत, पोट कालच साफ झालंय. सिस्टरने उलटीचं इंजेक्शन भरलं. तेच औषध, फक्त सुईतून. मी कुपीवरचं नाव वाचलं. सिस्टरने सलाईनची नळी हातात धरली.

मी म्हणालो, “झूठ बोल रही हैं ये.”

माझा आवाज माइकशिवायही शेवटच्या रांगेला पोचतो, विनया, आजवर मला त्याचा अभिमान होता. “डोज़ लगने के बाद से नहीं हुआ. हवा भी बंद है. घर में यही दवा खाए जा रही हैं, जितनी लिखी थी उससे ज़्यादा.”

पडद्यापलीकडची वरात माना वळवून बघायला लागली. अलकाने माझ्या हातातून हात काढून घेतला आणि डोळे मिटले. चाळीस माणसांसमोर मी तिचं लुगडं फेडल्यासारखं तिचं तोंड झालं होतं.

डॉक्टरने सिस्टरला हातानेच थांबवलं. स्टेथोस्कोप अलकाच्या पोटावर ठेवला. एका जागी, मग दुसऱ्या, मग पुन्हा पहिल्या. मी डॉक्टरचा चेहरा बघत होतो. ऐकणाऱ्याला काहीच ऐकू येत नाही तेव्हा चेहरा कसा होतो, ते मला माहीत आहे.

इंजेक्शन परत ट्रेमध्ये गेलं. एक्स-रेला नेलं आहे.

इस्पितळ, सोमवार, १० नोव्हेंबर

विनया,

सीटी स्कॅन झाला. मध्ये कुठे गाठ किंवा पीळ नाही. आतडं फुगून निपचित पडलंय आणि खाली सगळं ठासून भरलंय. रक्तातलं पोटॅशियम उलट्यांनी उतरलं होतं, त्यानेही आतडं आणखी मंद झालं. नाकातून नळी घालून पोट रिकामं करतायत. त्या नळीतून काय बाहेर आलं ते तुला सांगायला नको. दोन्ही गोळ्या बंद आहेत, ताप आला तर म्हणून अँटिबायोटिक चालू आहे.

सर्जन भेटले. शांत माणूस आहे. म्हणाले, एनिमा देता येणार नाही, पांढऱ्या पेशी तळाला आहेत, आतून ओरखडा गेला तरी रक्तात जंतू पसरतील. वाट बघायची. आतडं जागं झालं तर उत्तम. फुगतच गेलं, फाटायला आलं, तर पोट उघडावं लागेल. “और इस काउंट पर खोलना...” म्हणाले आणि वाक्य सोडून दिलं. अर्धी राहिलेली वाक्यं मला पूर्ण ऐकू येतात.

तू लिहिलंस की ती बोलावेल तेव्हाच येशील. बरोबर आहे तुझं. पण ती माझ्याशीच बोलत नाही. सिस्टरशी हिंदीत बोलते, स्वरूपाशी व्हिडिओ कॉलवर मान हलवून, माझ्याशी भिंत. चालवा म्हणून सांगितलंय, तर ती कॉरिडॉरमध्ये पुढे चालते आणि मी सलाईनचा स्टँड ढकलत मागून, वरातीतल्या बत्तीवाल्यासारखा. शेजारच्या पलंगावर रोहतकच्या एक बाई आहेत. फेरी संपली की वारा सरला का म्हणून त्या झोपूनच ओरडतात, “ऐ बहण, हवा लिकड़ी के?” आणि अख्खा वॉर्ड कान टवकारतो. पहिल्यांदा अलकाने पदर तोंडावर घेतला. दुसऱ्यांदा नुसती मान हलवली, नाही म्हणून. 

संध्याकाळी पोटाचा घेर टेपने मोजला. सकाळपेक्षा वाढलाय. सर्जननी माझ्याकडून ऑपरेशनच्या संमतीवर सही घेऊन ठेवली. “बस तैयारी है,” म्हणाले. स्वरूपा उद्याच्या विमानाने येते आहे.

मला एक सांग, खरं सांग. मी तिला तिथे सगळ्यांसमोर उघडं पाडलं आणि एवढं करूनही ती वाचली नाही, तर ती माझ्यावर रागावलेलीच जाणार ना? 

सूर्यकांत

इस्पितळ, बुधवार, १२ नोव्हेंबर

प्रिय विनया,

काल लिहिलं नाही. काल पोट तसंच होतं, आणि सर्जन दोनदा येऊन हात लावून गेले. स्वरूपा आली आणि आईच्या पायाशी बसून राहिली. लिहिण्यासारखं काही नव्हतं आणि होतं ते लिहवत नव्हतं.

आज सकाळी राउंड आला. सर्जन, मागे सोनम डॉक्टर, मागे शिकाऊ पोरापोरींचा घोळका. वॉर्ड भरलेला, नातेवाईक डबे घेऊन उभे. सर्जननी विचारलं, “कुछ हुआ?”

मी तोंड उघडायच्या आत अलकाने पलंगाचा कठडा धरला. नळीमुळे घसा बसलेला. तरी शब्द सुटे सुटे करून म्हणाली, “हवा पास हुई. सुबह से दो बार. पेट में मरोड़ भी उठ रही है.”

रोहतकच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या, “बधाई हो!” शिकाऊ पोरं हसली, सर्जनही हसले. सोनम डॉक्टरने पुन्हा पोटावर स्टेथोस्कोप ठेवला आणि या वेळी लगेच मान डोलावली. दुपारी झालं. थोडं झालं, मग पुष्कळ झालं. कसं झालं, केवढं झालं, रंग कोणता, सगळं अलकाने सिस्टरला सांगितलं आणि सिस्टरने लिहून घेतलं. मला बाहेर पाठवलं होतं, पण तुला माझे कान माहीत आहेत. पोटाचा घेर उतरतोय. ऑपरेशन नाही. उद्या नळी काढतील.

आता पुढचं. पुढच्या डोसाला उलटीचं औषध लागणारच आहे, कारण त्याच्याशिवाय ती उलट्यांनी हैराण होईल. पण या वेळी मोजकं, डॉक्टर ठरवतील तेवढंच, आणि पोट साफ ठेवायचं औषध डोसाच्या दिवसापासूनच, तुंबायची वाट न बघता. हाडं दुखली तर दुसरी गोळी. आणि रोज कोणीतरी विचारायचं. सोनम डॉक्टर म्हणाली, “पूछेगा कौन? और सच किसको बताएँगी आंटी?” आणि माझ्याकडे बघितलं.

“इनको नहीं,” अलका म्हणाली. मग मराठीत, रविवारनंतर पहिल्यांदा माझ्याकडे बघून, “तुम्हाला मुळीच सांगणार नाही. कधीच.”

“मग कोणाला?”

तिने चादरीची घडी घातली. “विनीला सांगेन.”

“तिने आपले नंबर बंद केलेत.”

“मग लिहा तिला. नाहीतरी लिहिताच चोरून.”

फोन तिच्यासमोर धरला. पुढचं तिचं आहे, मी त्यात कानामात्राही घातलेली नाही:

‘विनी, तुझ्या जिभेबद्दल बोलले ते परत घेता आलं असतं तर तेव्हाच घेतलं असतं. तू जिना उतरेपर्यंत मी दारापाशी आले होते, हाक मारली नाही. आता रोज सकाळी फोन कर आणि विचार. खोटं बोलले तर कळेलच तुला. रागाव मग. पण विचार.’

मी म्हटलं, “आणि मी?”

“तुम्ही बाहेर.”

तेव्हा नंबर मोकळा कर, विनया. शनिवारपर्यंत घरी सोडतील असं म्हणतात. सकाळी तुझा फोन वाजला की मी चपला घालीन आणि खाली सोसायटीच्या बागेत जाऊन बसेन. आमचा मजला नववा आहे. तिथलं खाली काही पोचत नाही. माझ्या कानांपर्यंतसुद्धा.

तुझा,
सूर्यकांत